अंथरुणाला खिळलेल्या आई-वडिलांसाठी सरकारचं काय मिळतं? जाणून घ्या

धाराशिव : सत्तरीच्या पुढच्या माणसाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, हे आता गावोगाव माहीत झालंय. पण पारावर एक प्रश्न हमखास येतो, "आई जागेवरच आहे, तिचं करायला बाई लावली तर कार्डातून पैसे भेटतील का?" नाही भेटत. आधीच सांगतो, म्हणजे चकरा वाचतील.

हे कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचाराचं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, तेही योजनेतल्याच दवाखान्यात. उत्पन्नाची अट नाही. घरच्या सांभाळणुकीचा विमा जर्मनीत १९९५ ला, जपानमध्ये २००० ला आला. जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता कापतात आणि म्हातारपणी अंघोळ घालायलासुद्धा माणूस घरी येतो. आपल्याकडं ते काम सून नाहीतर लेक करते, आणि त्याची मजुरी कोणी धरत नाही.

कार्ड काढताना वय आधारवरचंच धरतात. माझ्या वडिलांचं वय आधारवर पाच वर्षांनी कमी लागलेलं. दुरुस्तीतच दीड महिना गेला. म्हणून आजारपण यायच्या आधी आधार बघून घ्या. राबून बोटांचे ठसे झिजले असतील तर मोबाईलवर ओटीपी येतो किंवा चेहरा दाखवूनही काम होतं. ओटीपीसाठी मोबाईल नंबर मात्र आधारला जोडलेला पाहिजे. गावातल्या आशाताईंना विचारा. माहितीसाठी १४५५५.

काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा, चष्मा, श्रवणयंत्र यासाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय ६५, कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत. एकदाच ३ हजार रुपये खात्यावर येतात. वस्तू घेतल्याचं बिल जपून ठेवा, ते द्यावं लागतं. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

महिन्याच्या आधाराला श्रावणबाळ योजना, १५०० रुपये. ६५ वर्षं वय आणि वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, ही अट. आजच्या काळात २१ हजारांत कोण बसतं, हा प्रश्न वेगळा! अर्ज तहसीलला. हयातीचा दाखला राहिला की पैसे थांबतात.

आता जमिनीचं. पोरांच्या नावावर रान केलं आणि नंतर भाकरीला महाग झाले, अशी घरं आपल्या भागात आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ६० वर्षांवरील आई-वडिलांना प्रांताकडं निर्वाहासाठी अर्ज करता येतो, वकील लावायची गरज नाही. सांभाळायच्या अटीवर दिलेली जमीन, सांभाळलं नाही तर परत मागता येते. पण ती अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. तोंडी शब्दावर पुढं भांडत बसावं लागतं.

भूम, परांडा, वाशी, कळंबकडची बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि म्हातारी माणसं गावात राहतात. निघताना कार्ड पेटीत घालून कुलूप लावू नका. कार्ड आणि आधारची झेरॉक्स त्यांच्या उशाशी ठेवा, एक फोटो शेजाऱ्याच्या मोबाईलमध्ये असू द्या. कोणी त्रास देत असेल किंवा म्हातारं माणूस एकटं पडलं असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. फोनला पैसे पडत नाहीत.