पस मॉथ, सह्याद्री आणि एक छोटी दांडी

एक उद्योग करून बघा. गूगल अर्थ उघडा आणि जुहूच्या धावपट्टीपासून कर्नाटकातल्या बळ्ळारीपर्यंत सरळ रेघ ओढा. ही रेघ पनवेलच्या बाजूने येते, सह्याद्रीचा कडा चढते, वेल्ह्यावरून राजगडाच्या अगदी जवळून जाते (फार तर चार-पाच किलोमीटर पूर्वेला), भाटघर धरणाचं पाणी ओलांडते आणि भोरला बगल देऊन साताऱ्याकडे उतरते. शनिवार-रविवारी आपण पाठीवर सॅक टाकून जिथे हिंडतो, बरोब्बर तोच मुलूख!

आता ही रेघ कशाला? तर १९३२ साली टाटांची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तिचा मार्ग होता कराची - अहमदाबाद - मुंबई - बळ्ळारी - मद्रास. म्हणजे मुंबई-बळ्ळारी हा टप्पा सगळ्यात जवळच्या वाटेने काढायचा तर तो आपल्या या डोंगरांवरूनच जातो. वैमानिक काही फूटपट्टी लावून उडत नाही हे खरंच. वारा, ढग, खालच्या खुणा बघून तो इकडे-तिकडे सरकतो. पण सह्याद्री ओलांडणं कुणालाच चुकलेलं नव्हतं.

या गोष्टीचा पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे. १५ ऑक्टोबर १९३२, कराचीचं द्रिग रोड विमानतळ, अठ्ठावीस वर्षांचे जेआरडी टाटा, पस मॉथ जातीचं विमान (नोंदणी व्हीटी-एडीएन) आणि साधारण २५ किलो टपाल. हे टपाल लंडनहून इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आलेलं. जेआरडी वाटेत अहमदाबादला उतरले आणि दुपारी जुहूला पोचले. तिथून पुढचं टपाल नेव्हिल व्हिन्सेंटने नेलं. बळ्ळारीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी तो मद्रासला पोचला. शाळेच्या पुस्तकात, मासिकांत, एअर इंडियाच्या जाहिरातींत ही गोष्ट आपण वाचलेली असते.

पण त्या विमानाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आणि मला विचाराल तर खरी गोष्ट तिथेच आहे.

आधी थोडी वंशावळ. डी हॅव्हिलंड या इंग्लिश कंपनीचं 'मॉथ' घराणं म्हणजे त्या काळच्या फ्लाईंग क्लबांचा कणाच. जेआरडी बॉम्बे फ्लाईंग क्लबमध्ये शिकले आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये त्यांना भारतात दिलेला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला, तेव्हा क्लबांमधली शिकाऊ विमानं म्हणजे मॉथ, असं समीकरणच होतं. ही विमानं दुपंखी. एकावर एक दोन पंख, मध्ये खांब आणि तारांचं जाळं. बसायची जागा उघडी, त्यामुळे तोंडावर वारा आणि इंजिनाचं तेल. दिसायला गबाळं, पण बांधणीच्या दृष्टीने अत्यंत समंजस प्रकरण. एखादी तार ढिली पडली तरी बाकीचं जाळं भार वाटून घेतं. आपल्या भाषेत सांगायचं तर भरपूर रिडंडन्सी.

पस मॉथ हे त्याच घराण्यातलं पुढचं, सुधारलेलं पात्र. पहिलं उड्डाण सप्टेंबर १९२९. एकच पंख, तोही डोक्यावर. बंद केबिन, १२० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन, ताशी सुमारे १६० किलोमीटरचा वेग. दोन पंख आणि तारांचं जंजाळ गेलं. त्याऐवजी प्रत्येक बाजूला पंखापासून खाली धडापर्यंत आलेले लांब तिरके दांडे. हवेचा अडथळा कमी, वेग जास्त, दिसायलाही देखणं. साहजिकच ज्याला परवडेल त्याला ते हवंसं वाटलं.

आणि मग ही देखणी विमानं हवेत मोडायला लागली.

ऑक्टोबर १९३०, पश्चिम ऑस्ट्रेलिया : एक पस मॉथ उडता उडता तुटलं. मे १९३१, दक्षिण आफ्रिका : ग्लेन किडस्टन हा धाडसी वैमानिक आणि १९३० ची ल माँ शर्यत जिंकणारा मोटारपटू. १९२९ मध्ये इंग्लंडात झालेल्या एका विमान अपघातातून हा एकटा वाचला होता. ड्राकेन्सबर्गच्या डोंगरात खवळलेल्या हवेत त्याचं पस मॉथ मोडलं, आणि या वेळी तो वाचला नाही. जुलै १९३२, इंग्लंड : सरे परगण्यात एक पस मॉथ हवेत तुटून तिघे गेले. त्यात एका खासदाराची बायको आणि मुलगा होता. १८ सप्टेंबर १९३२, ऑस्ट्रेलियातलं बायरन बे : पुन्हा तेच. आतले तिघेही ठार. त्यातले एक लेस होल्डन, पहिल्या महायुद्धातले नावाजलेले वैमानिक.

शेवटची तारीख परत वाचा. जेआरडींनी कराचीहून उड्डाण केलं त्याला अजून महिनाही उरला नव्हता.

अपघातांचा तपास किती किचकट असतो बघा. एकेक घटना सुटी बघितली तर प्रत्येकीला सोपं स्पष्टीकरण मिळू शकतं. हवा वाईट होती, वैमानिकाने नको ते धाडस केलं, वेग फार वाढवला. आपल्याकडे नाही का, प्रॉडक्शनमध्ये काही बोंबललं की पहिलं वाक्य येतं 'युजरने काहीतरी चुकीचं केलं असेल'! तीन खंडांतले अपघात एकाच टेबलावर मांडले तेव्हाच त्यांच्यातलं साम्य दिसणार होतं. विमान तेच, खळबळलेली हवा तीच आणि मोडणारी गोष्टही तीच, म्हणजे पंख. इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांना त्यासाठी बराच खटाटोप करावा लागला. व्हिन्सेंट टपाल घेऊन सह्याद्रीकडे निघाला तेव्हा हा तपास अजून चालूच होता.

आता थोडं इंजिनिअरिंग (घाबरू नका, दोनच परिच्छेद).

सरळ उडताना पंख वर उचलला जातो, त्यामुळे खालचा तिरका दांडा ताणला जातो. ताण सोसायला बारीक दांडाही पुरतो, दोरीला जाड असावं लागत नाही तसंच. पण हवेचा झोत अचानक वरून आदळला तर पंख खाली दाबला जातो आणि त्याच दांड्यावर दाब येतो. प्लास्टिकची फूटपट्टी दोन्ही टोकांना धरून दाबा. ती चुरडत नाही, मध्येच कमानीसारखी वाकते. लांब, सडपातळ दांड्याचं दुखणं हेच. त्यात पंख थरथरायला लागला की दांडाही थरथरतो, आणि एकाची थरथर दुसऱ्याला खतपाणी घालते.

उपाय काय निघाला? दांड्याच्या मध्याला आधार देणारी एक छोटी आडवी दांडी. बास! फूटपट्टी मध्ये बोटाने धरून पुन्हा दाबून बघा. ऑयलरचं सूत्र सेकंड इयरला घोकलेलं आठवत असेल : मोकळी लांबी निम्मी झाली की दांडा वाकवायला चौपट जोर लागतो. थरथरीची नैसर्गिक वारंवारताही साधारण तितक्याच पटीने वाढते. म्हणजे सगळं विमान नव्याने बांधायची गरज नव्हती. वीतभर वजन वाढवून मोडणारं विमान भरवशाचं झालं. पुढच्या काळातल्या पायपर कबसारख्या शिकाऊ विमानांवरही अशीच छोटी आधारदांडी दिसते.

आता परत आपल्या रेघेकडे. दुपारची वेळ, ऑक्टोबरचं ऊन. तोरणा १४०३ मीटर आणि पश्चिमेला कोकण जवळजवळ समुद्रसपाटीवर. तापलेल्या काळ्या कातळावरून हवा वर उसळत असते आणि कड्यावर वारा आपटून भोवरे होतात. झुंजार माचीवर उभं राहून ज्याने टोपी गमावलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. किडस्टन गेला तो ड्राकेन्सबर्गही असाच, काळ्या बेसाल्टचा उभा कडा असलेला डोंगर. रेडिओ नाही, खाली उतरायला सपाट जागा नाही. पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणं तेव्हा नव्हतीच. खूण म्हणून या टापूत मोजकीच मोठी पाणी होती, त्यांत खडकवासला आणि तेव्हा नव्यानेच बांधलेलं भाटघर. राजगड-तोरणा भोर संस्थानात होते. खाली भात कापायला आलेल्या मावळ्यांना ते घरघरणारं यंत्र कसलं वाटलं असेल कुणास ठाऊक!

मालकीचा हिशोबही मजेशीर आहे. भांडवल दोन लाख रुपये, विमानं दोन, तीही पस मॉथच. सरकारने एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार केला, पण अनुदान शून्य. जितकं टपाल न्याल तितकेच पैसे. म्हणजे उड्डाण रद्द करणं परवडणारं नव्हतं आणि एक विमान मोडलं तर निम्मा धंदा बुडाला असता. सुरक्षितता आणि वक्तशीरपणा यांची ही ओढाताण आजच्या कुठल्याही विमान कंपनीला ओळखीची वाटेल.

पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं. मग दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सगळा संसार पुण्याला हलायचा. विमानतळ म्हणजे येरवडा जेलच्या सावलीतलं एक मैदान. तिथून कराचीला जायचं तर भर पावसात, ढगांनी झाकलेला घाट ओलांडावा लागे. तरीही पहिल्या वर्षात सेवा शंभर टक्के वक्तशीर राहिली. सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याने घाटातल्या पावसाळी धोक्यांचा मुद्दाम उल्लेख करून तिचं कौतुक केलं. वर्षभरात १,६०,००० मैल उड्डाण आणि साठ हजार रुपये नफा.

पुढचं माहीतच आहे. १९४६ मध्ये कंपनी एअर-इंडिया झाली, १९५३ मध्ये सरकारची झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये परत टाटांकडे आली. व्हिन्सेंट १९४२ मध्ये इंग्लंडहून परतताना युद्धात गेला, त्याचं विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ पाडलं गेलं. १९८२ मध्ये पन्नास वर्षं झाली म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केलं. पण ते पस मॉथमधून नाही, तिच्या धाकट्या बहिणीतून, लेपर्ड मॉथमधून.

हे सगळं लिहिण्याचा हेतू जेआरडी किंवा व्हिन्सेंटचं मोठेपण कमी करणं हा नाही. उलट कुठल्या यंत्राच्या भरवशावर त्यांनी हे केलं ते कळल्यावर ते वाढतंच. पण धाडसाने विमान सुरक्षित होत नाही. ते होतं तीन खंडांतले मोडके तुकडे गोळा करून, वैमानिकाला दोष देऊन फाईल बंद न करता, पुन्हा पुन्हा 'नेमकं काय आधी तुटलं?' असं विचारणाऱ्या लोकांमुळे. त्यांची नावं पाठ्यपुस्तकात येत नाहीत.

कधी पस मॉथचा जुना फोटो हाती आला तर इंजिन आणि वैमानिक बघून झाल्यावर पंखाखाली नजर टाका. तिरक्या दांड्याच्या मध्यावर ती छोटी आडवी दांडी आहे की नाही, तेवढं बघा.