स्टेपनी

गेल्या पावसाळ्यात खंबाटकी घाट उतरल्यावर भाच्याच्या नव्या गाडीचा मागचा टायर बसला. पंक्चरवाल्यानं डिकी उघडायला लावली, खालची चटई उचलली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काका, स्टेपनी?" चाकाच्या मापाच्या त्या गोल खड्ड्यात हवा भरायचा चिमुकला पंप आणि पांढऱ्या चिकाची एक बाटली होती. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि असा दुरुस्तीचा संच असेल, तर छोट्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल, असा नियम 2020 साली झाला आहे. पण आमच्या टायरची कडच फाटली होती. तिथं चीक काय करणार? नवा टायर येईपर्यंत दोन तास बाकड्यावर बसून काढले.

स्टेपनी हे मूळचं एका रस्त्याचं नाव. लंडनच्या पूर्वेला याच नावाचा भाग आहे, त्यामुळे शब्द तिथलाच असावा, असं मीही बरीच वर्षं धरून चाललो होतो. तो रस्ता खरं म्हणजे वेल्समधल्या लानेली या गावातला. तिथल्या स्टेपनी या जमीनदार घराण्यावरून नाव पडलेला. ‘लानेली’ हे आपलं कामचलाऊ. त्यातले दोन्ही ‘ल’ वेल्श माणूस जिभेच्या कडेनं हवा सोडत म्हणतो आणि देवनागरीत त्याला अक्षर नाही. पंक्चरवर तोड काढणाऱ्या गावाच्या नावातूनच हवा सुटावी, हे मला भलतंच आवडलं.

डनलॉपनं 1888 साली हवेचा टायर आणला, पण रस्ते अजून घोड्यांचेच होते. नालांचे खिळे जागोजाग पडलेले, त्यामुळे पंक्चर ही रोजची कटकट. त्या काळच्या मोटारींची लाकडी आऱ्यांची चाकं सहसा काढता येत नसत. टायर तेवढा पट्टीनं उचकटायचा, ट्यूब ओढून काढायची, ठिगळ लावायचं आणि सगळं परत बसवून हातपंपानं हवा भरायची. तेही चिखलात, अंगावर चांगले कपडे असताना.

लानेलीच्या थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी 1904 साली यावर तोड काढली. आरे नसलेली नुसती कडी, तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर. पंक्चर झालेलं चाक जागेवरच ठेवायचं आणि ही कडी बाहेरून त्याला लावून चापांनी आवळायची. लंगड्या माणसाला खांदा द्यावा तसं. स्टेपनी स्ट्रीटवरच्या कारखान्यातून ही चाकं जगभर गेली, लंडनच्या टॅक्सींनाही लागली.

मात्र थोड्याच वर्षांत नट सोडून अख्खं चाक काढता येऊ लागलं आणि ही कडी निकालात निघाली. म्हणजे आपण आयुष्यभर जिला स्टेपनी म्हणत आलो, ती खऱ्या स्टेपनीला घरी बसवणारी तिची सवत. येताना नाव तेवढं घेऊन आली! इंग्लंडात शब्द मागे पडला. आपल्याकडे तो इंग्रजांच्या अमदानीत आला आणि मुरला. माल्टातही तो आहे, ब्राझीलमध्ये त्याचा ‘एस्तेपी’ झाला. आपण तर तो माणसांनाही लावला. लग्नाच्या बोलणीला उगाच सोबत गेलेला काका म्हणजे स्टेपनी. बायकांच्या बाबतीत त्याचा जो अर्थ पुरुष डोळे मिचकावून काढतात, तो मात्र मला कधीच मानवला नाही.

माझी पहिली स्टेपनी स्कूटरची. मागे उभी, रेक्झिनचा गळाठलेला अंगरखा घातलेली. स्कूटर एका कुशीवर कलती करायची, पान्ह्यानं नट सोडायचे, पंधरा मिनिटांत काम. फक्त तिच्यात हवा आहे का, हे अधूनमधून बघायचं असतं. मी ते बघत नसे, आणि पाटसजवळ भर उन्हात चार किलोमीटर स्कूटर ढकलताना मला ते नीट समजलं.

त्या दिवशी टायर बसवून झाल्यावर भाच्यानं चिखलानं भरलेल्या चपला त्या रिकाम्या खड्ड्यात टाकल्या आणि चटई ओढली. घरी आल्यावर मी माझ्या चपला शोधत होतो.

"मामा," तो आतून ओरडला, "स्टेपनीत आहेत."