गोव्यातील मराठी : अस्मितेच्या राजकारणाचा बदलता प्रवास

घरात कोकणी, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी, असा गोव्यातील असंख्य कुटुंबांचा रिवाज आहे. आमच्यापैकी अनेकांना ‘तुमची मातृभाषा कोणती?’ या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. राजकारणाने मात्र गेल्या साठ वर्षांत ते उत्तर वारंवार मागितले. प्रत्येक वेळी प्रश्न निराळा होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

विलीनीकरणाचा काळ

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात विलीनीकरण ही पक्षाची प्रमुख मागणी होती. बहुजन समाजासाठी हा केवळ भाषेचा प्रश्न नव्हता. भजन, कीर्तन आणि जत्रेतील नाटकांची मराठी त्यांच्या ओळखीची होती. गावोगावी उघडलेल्या मराठी प्राथमिक शाळांतून त्यांची मुले प्रथमच शिकू लागली होती. भाटकारांच्या वर्चस्वातून सुटण्याची आशाही त्यात होती. उलट, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला आणि कोकणीवादी हिंदू लेखक-कार्यकर्त्यांना गोव्याचे वेगळेपण पुसले जाईल अशी भीती वाटत होती. त्यामुळे या वादाला निव्वळ हिंदू-ख्रिस्ती वाद म्हणणे बरोबर नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. ‘फूल’ ही विलीनीकरणाची, तर ‘दोन पाने’ ही केंद्रशासित प्रदेशाची निशाणी होती. दोन पानांना १,७२,१९१ व फुलाला १,३८,१७० मते पडली. मात्र त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. राज्याची सीमा आणि आपला नेता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे गोव्याच्या मतदाराने त्याच वर्षी दाखवून दिले.

राजभाषेचा काळ

पुढे वाद सीमेवरून भाषेवर आला. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, यावर सभा आणि वृत्तपत्रे गाजली. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८६ च्या अखेरीस राजभाषा आंदोलन पेटले आणि त्यात माणसांचे बळी गेले. फेब्रुवारी १९८७ मध्ये संमत झालेल्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले व शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. १९९२ मध्ये कोकणीचा समावेश घटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. बाकीबाब बोरकरांसारखा कवी मात्र दोन्ही भाषांत लिहीत होता आणि दोन्हीकडच्या वाचकांना आपला वाटत होता.

माध्यमाचा काळ

२०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या भारतीय भाषा सुरक्षा मंचात माजी मुख्यमंत्री शशिकला काकोडकर आणि कोकणी चळवळीतील उदय भेंब्रे एकत्र दिसले. जनमत कौलाच्या वेळी परस्परविरोधी असलेल्या दोन प्रवाहांना आता एकाच गोष्टीची काळजी होती.

आज आपल्यासमोर

पूर्वी अस्मिता मतपेटीतून व्यक्त होत असे. आज तिची खरी परीक्षा शाळेच्या प्रवेशअर्जावर होते. मराठीच्या नावाने सभेत टाळ्या वाजवणारे पालक मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात, तसेच कोकणीचे अभिमानीही घालतात. त्यांना दोष देऊन भागणार नाही, कारण नोकरीची चिंता खरी आहे. पण वाचणारी पिढीच उरली नाही, तर कायद्यातील तरतुदीचा उपयोग कोण करणार?

म्हणून आम्हाला वाटते की, कोकणीला विरोध ही मराठीची ओळख असू नये. मुलाला रोज एक पान मराठी वाचून दाखवणे, गावच्या वाचनालयाची वर्गणी भरणे, जत्रेतल्या नाटकात नव्या पोरांना भूमिका देणे, ही कामे लहान असली तरी भाषा त्यांच्यावरच टिकते.