टोप, गंगावन आणि खारपाणपट्टा: वऱ्हाडातल्या उसन्या केसांची गोष्ट

बडनेरा स्टेशनवर गाडीची वाट बघत ऐकणारे, अकोला-अमरावती एसटीत खिडकी धरून बसलेले, आणि रात्री सगळे झोपल्यावर पांघरुणात हेडफोन लावणारे, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, तेव्हा सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे विग. हसू नका. म्हणजे हसा, पण थांबा थोडं.

विग म्हटलं की आपल्याला एकतर टकलावरचे जोक आठवतात, नाहीतर रील्समधल्या मुली. पण मराठीत या वस्तूला आधीपासून दोन अस्सल शब्द आहेत. एक टोप, म्हणजे पूर्ण डोक्यावर चढवायचा. दुसरा गंगावन, म्हणजे स्वतःच्या विरळ वेणीत गुंफायची केसांची जोड. तुमच्या आजीला गंगावन शब्द विचारा, तिला नक्की माहीत असणार. ज्या वस्तूला भाषेत असे घरचे शब्द असतात ती वस्तू काल-परवा ऑनलाइन मागवून आलेली नसते, एवढं तर मान्य कराल.

मला यात रस आला तो नाटकामुळे. युवा महोत्सवात ज्यांनी एकांकिका केलीय त्यांना ड्रेपरीवाला माहीत असेल. पोतंभर पोशाख, तलवारी, मुकुट, आणि तळाशी एका पिशवीत कोंबलेले टोप. नायलॉनचे, चकचकीत, घामाचा वास येणारे. ते डोक्यावर चढवताना माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. शंभर वर्षांपूर्वी, जेव्हा स्टेजवर बाईच नव्हती आणि नायलॉनही नव्हतं, तेव्हा काय करत असतील?

तर थोडं मागे जाऊ. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. या सगळ्या काळात सीता, शकुंतला, सुभद्रा म्हणजे पुरुष. अशा नटाला ‘स्त्रीपार्टी’ म्हणत. कुणी स्वतःचे केस वाढवायचा, कुणी टोप घालायचा. आपल्या खेड्यांत दंडारीत तर नाच्या पोऱ्या अजूनही बघायला मिळतो. मग बालगंधर्व आले. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली आणि त्यांची साडी, त्यांचा गजरा, त्यांची केशरचना घरोघरच्या बायका उचलू लागल्या. विचार करा, एक पुरुष स्टेजवर अंबाडा घालतो आणि खऱ्या बायका आरशासमोर उभं राहून तो जमतोय का बघतात! आजच्या भाषेत सांगायचं तर महाराष्ट्राचा पहिला ब्युटी इन्फ्लुएन्सर पुरुष होता. हे मी कौतुकानेच म्हणतोय.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पुण्या-मुंबईचं, आपल्या वऱ्हाडाचं यात काय? लय आहे भाऊ.

पहिलं नाव अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. वकील, टिळकांचे जवळचे सहकारी. १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच. लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत, आणि नाटकाचा शौक नवाबाला शोभेल असाच होता.

दुसरं नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. हे नाव ओळखीचं वाटत नसेल तर ‘बहु असोत सुंदर’ हे महाराष्ट्रगीत आठवा, ते यांचंच. त्यांनी वकिली केली खामगाव आणि जळगाव जामोदला. कोर्टातून घरी येऊन नाटकं लिहायची. ‘वीरतनय’ १८९६ मध्ये किर्लोस्कर मंडळीने केलं आणि संगीत नाटकाच्या चालींचा नूरच बदलला. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत.

तिसरे वीर वामनराव जोशी, अमरावतीचे, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले. त्यांचं ‘रणदुंदुभी’ १९२७ मध्ये बळवंत संगीत मंडळीने आणलं. त्यातली तेजस्विनी कुणी केली माहीत आहे? दीनानाथ मंगेशकरांनी. लताबाईंचे वडील. पारतंत्र्याविरुद्ध पेटून बोलणारी ही बाई अमरावतीच्या माणसाने लिहिली आणि गोव्याच्या माणसाने केली.

म्हणजे वऱ्हाडात बसून लोक नायिका लिहीत होते आणि त्या नायिका पुरुष करत होते. इथपर्यंत गोष्ट मजेची आहे. पण कोल्हटकरांचं एक नाटक आहे, ‘मतिविकार’, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं. विषय विधवांचा पुनर्विवाह. त्याबद्दल वाचताना मी अडकलो.

कारण असं बघा. त्याच काळात अनेक घरांत, विशेषतः ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांत, नवरा गेला की बाईचे केस काढत. केशवपन. कधी ती बाई म्हणजे बारा-तेरा वर्षांची पोर असायची. आणि एकदा काढून सुटका नाही. केस वाढले की न्हावी पुन्हा येणार, पुन्हा वस्तरा. आयुष्यभर. म्हणजे स्टेजवरच्या पुरुषाला बाई दिसण्यासाठी केस हवेत म्हणून एवढा खटाटोप, आणि प्रेक्षकांतल्या माणसाच्या घरी मागच्या खोलीत लाल आलवणात बसलेल्या बहिणीच्या डोक्यावर केस उगवले की त्याची घाण वाटायची. दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच आठवड्यात. त्या प्रेक्षकाला यात काही विचित्र वाटलं असेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

याविरुद्ध बोलणारे होते, आणि त्यात वऱ्हाड मागे नव्हतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापून आलं. सुरतच्या एका तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी सगळ्याच बायकांना नावं ठेवली, आणि ताराबाईंचा संताप झाला. पुस्तक छोटं, पण भाषा अशी की आजही कुणी पोस्ट केली तर कमेंट्स बंद कराव्या लागतील. विधवेचे हाल करून वर तिलाच दोष देणाऱ्या पुरुषांना त्यांनी सरळ समोर उभं केलंय. पुढे १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरलं. मला या सभेचं फार वाटतं. लेख लिहिणारे पुष्कळ होते. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याने तो खाली ठेवणं ही गोष्ट निराळी. पोट त्यावरच होतं ना त्याचं.

स्टेजवर खऱ्या बायका यायला मात्र वेळ लागला. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये स्वतःची नाटक कंपनी काढली, १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या, आणि हळूहळू पुरुषाच्या डोक्यावरचा टोप उतरला. असो.

आता हे केस येतात कुठून? लहानपणी गल्लीत आरोळी ऐकली असेल, ‘केसांवर फुगेऽऽ’, नाहीतर ‘केसांवर भांडी’. आई कंगव्यातली गुंतवळ वर्षभर भिंतीच्या फटीत खुपसून ठेवायची आणि बदल्यात एखादी वाटी मिळायची. ती गुंतवळ फेकली जात नाही. सोडवून, धुऊन, लांबीप्रमाणे लावून तिचे टोप आणि जोडण्या होतात. पण ते केस हलके समजतात, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. केसावर माशासारखे बारीक खवले असतात, मुळाकडून टोकाकडे झुकलेले. गुंतवळीत काही केस सुलटे, काही उलटे. खवले एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. डोक्यावरून एकत्र कापलेल्या वेणीत सगळ्या केसांची दिशा एकच, म्हणून ती महाग. तिरुपतीला नवसाचं मुंडण होतं, ते केस देवस्थान लिलावात विकतं आणि ते जगभर जातात. २००४ मध्ये तर इस्रायलमधल्या एका मोठ्या ज्यू धर्मगुरूंनी हे केस देवाला वाहिलेले असल्याने चालणार नाहीत असा निर्णय दिला आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये बायकांनी रस्त्यावर विग जाळले. तिरुपतीच्या नवसाचा धूर अमेरिकेत!

चांगला विग कसा करतात तेही सांगतो. बारीक जाळी घेतात आणि आकड्यासारख्या सुईने एक-एक, दोन-दोन केस ओढून गाठ मारतात. हाताने पूर्ण डोकं भरायला आठवडे लागतात. ही गाठ लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी निगा तिच्याभोवती फिरते.

माझी मावशी अकोल्याची. दोन वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कर्करोग झाला. उपचार मुंबईला. वऱ्हाडातून टाटाला जाणाऱ्या पुष्कळ लोकांसारखी तीही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली. गाडगेबाबा आपल्या शेंडगावचे, त्यामुळे तिला ते माहेरच वाटायचं. केमो सुरू झाल्यावर केस गेले. तिने दुखण्याचं कधी सांगितलं नाही, पण उशीवरचे केस गोळा करताना ती आईला फोनवर म्हणाली, “आपल्या आजीवानी दिसून राह्यली वं मी.” आमची पणजी बालविधवा होती. घरात तिचा एकच फोटो आहे, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. केस जाण्याचा अर्थ आमच्या घरात त्या फोटोने ठरवून टाकलाय, हे मला तेव्हा कळलं.

मुलाने खऱ्या केसांचा विग आणला. पहिल्याच आठवड्यात मावशीने सवयीने त्याला खोबरेल चोपडलं. आयुष्यभर केसांना तेच केलेलं. पण डोक्यावरच्या केसाला मुळाशी आपलं तेल मिळतं, धुतलं की नवं येतं. विगमधल्या केसाला मूळच नाही. बाहेरचं तेल नुसतं बसून राहतं, धूळ धरतं, आणि जाळीवरच्या गाठी सैल करतं. कंडिशनरचंही तेच, मधोमध ते टोकांपर्यंत लावायचं, गाठींना नाही.

मग धुण्याचा प्रश्न, आणि इथे आपला भूगोल आडवा आला. पूर्णा नदीचं खोरं, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाण्याचा मोठा भाग, खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारं, जड. बोअरच्या पाण्याने विग धुतला की क्षार केसांवर बसतात आणि केस झाडूसारखा होतो. मावशीकडे आता ठरलेली पद्धत आहे. आधी कोरड्यातच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता सोडवायचा, मुळाकडून खाली कधीच नाही. बादलीत कोमट पाणी, त्यात सौम्य शॅम्पू, एकाच दिशेने बुडवून काढायचं. चोळायचं नाही, पिळायचं नाही. शेवटचं पाणी आरओचं, पावसाळ्यात पागोळीचं. टॉवेलमध्ये दाबून स्टँडवर सावलीत वाळवायचा. स्टँड नव्हता तेव्हा उलटा घातलेला स्टीलचा डबा चालला.

अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा वेळी आत पातळ सुती टोपी घालायची, घाम ती पिते आणि विग कमी वेळा धुवावा लागतो. रोज घालत असाल तरी आठवड्यातून एकदा धुणं पुष्कळ झालं. स्ट्रेटनर, कर्लर खऱ्या केसांवर चालतात, पण दीडशे अंशांच्या आसपासच, आणि केस पूर्ण कोरडे असताना. नायलॉनवर लावाल तर वितळून चिकटेल. घेताना शंका असेल तर एक केस जाळून बघा. खरा केस जळक्या पिसासारखा वास देतो आणि राख बोटांत चुरते. नकली केसाची टणक गोळी होते. आणि भांग नवीन विगला फार सरळ दिसतो, तो कंगव्याच्या शेपटीने थोडा वाकडा करायचा. कपाळाजवळच्या चार बटा कापून घ्यायच्या. हे मावशीला पार्लरवालीने नाही, राज्य नाट्य स्पर्धेत रंगभूषा करणाऱ्या एका काकांनी शिकवलं. टोप खोटा का दिसतो हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?

पहिल्यांदा पूर्ण सजवून घातला तेव्हा मावशी आरशात बघून म्हणाली, “नाटकातली वाटून राह्यली ना वं मी?” काका शांतपणे मागची पिन लावत म्हणाले, “वहिनी, नाटकातले असेच दिसले असते तर आमचं पहिलं बक्षीस गेलं नसतं.”

मावशीचे स्वतःचे केस आता बोटभर आलेत. कुरळे आलेत, आधी सरळ होते. विग डब्यावरच असतो, लग्नाकार्याला घालते. तुमच्या घरी जुनं गंगावन असेल, कुणी स्त्रीपार्टी केलेल्या आजोबांचा फोटो असेल, तर आम्हाला पाठवा. पुढच्या भागात दंडारीकडे जाऊ.