ग्यांत्से झोंग

तिबेटच्या त्सांग प्रांतातील ग्यांत्से शहराच्या मधोमध उभा असलेला डोंगरी किल्ला. न्यांग छू नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मी. उंचीवर आहे. आजची बांधणी मुख्यतः चौदाव्या शतकाच्या अखेरची मानतात. सिक्कीम–ल्हासा वाटेवरचा लोकरीचा व्यापार याच्या पायथ्यावरून चाले आणि झोंगपोन हा अधिकारी किल्ल्यातूनच मुलखाचा कारभार पाही.

किल्ला गाजला तो ब्रिटिशांच्या १९०४ च्या तिबेटवरील यंगहजबंड मोहिमेत. एप्रिलमध्ये ब्रिटिश फौज आली तेव्हा तो न लढता हाती आला. पण एवढा पसारा राखण्याइतके मनुष्यबळ नसल्याने फौजेने खाली चांगलोच्या वाड्यात तळ दिला. हा निर्णय महागात पडला. ५ मे रोजी पहाटे तिबेटींनी तळावर छापा घातला. तो फसला, पण किल्ला पुन्हा त्यांच्याकडे गेला आणि तटावरून तळावर मारा सुरू झाला.

६ जुलैला ब्रिटिश तोफांनी तटाला खिंडार पाडले. तिथवरचा कडा जवळजवळ सरळसोट. एका वेळी एकच माणूस रांगत चढू शकेल असा. वरून दगडांचा वर्षाव होत होता. आठव्या गुरखा रायफल्सचा लेफ्टनंट ग्रँट आणि हवालदार करबीर पुन दोघेही जखमी होऊन खाली फेकले गेले; पुन तर सुमारे ३० फूट घसरला. दोघे पुन्हा चढले आणि आत शिरले. ग्रँटला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पुनला इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट. कारण १९११ पर्यंत हिंदी शिपाई व्हिक्टोरिया क्रॉसला पात्रच नव्हते. मोहिमेअखेर झालेल्या ल्हासा करारानंतर ग्यांत्सेत ब्रिटिशांचे व्यापारी ठाणे बसले. स्वातंत्र्यानंतर ते भारताकडे आले. तेथील भारतीय लष्करी तुकडी १९५४ च्या भारत–चीन करारानुसार मागे घेण्यात आली.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात किल्ल्याची मोठी नासधूस झाली, पुढे डागडुजी झाली. आतले संग्रहालय १९०४ चा लढा चिनी मातृभूमीच्या रक्षणाचा म्हणून मांडते. लढणारे ल्हासा सरकारचे सैनिक होते, हे ध्यानात ठेवूनच ते पाहावे.

चढण छोटी पण खडी आहे. सह्याद्रीतले गड सहज चढणाऱ्यालाही इथल्या विरळ हवेत दर वळणावर थांबावे लागते. माथ्यावरून पेलखोर छोदे मठ, त्यातला पंधराव्या शतकातला कुंबुम स्तूप आणि सातूची शेते एका नजरेत येतात. ल्हासाहून यामड्रोक सरोवर व कारो ला खिंडीमार्गे अंतर सुमारे २६० किमी., शिगात्सेहून सुमारे ९० किमी. परदेशी प्रवाशांना तिबेट परवाना आणि अधिकृत वाटाड्या सक्तीचा आहे.