एका हंगामाची मिळकत

परमुलखात जाऊन एक हंगाम काम करावे, चार पैसे गाठीला बांधावे आणि जग पाहून घरी परतावे, ही कल्पना आपल्याकडे अगदी नवी आहे असे समजण्याचे कारण नाही. आज एखादा तरुण हिवाळ्यापुरता युरोपातील बर्फाळ डोंगरावरच्या हॉटेलात राबावयास जातो, तेव्हा घरची वडीलधारी माणसे चिंतातुर होतात. 1857 सालच्या आरंभी कोकणातील पेणजवळच्या वरसई गावी एका भिक्षुकाच्या घरात अशीच चिंता पसरली होती. घरातला कर्ता मुलगा विष्णुभट गोडसे चुलते रामभट यांच्यासह 'हिंदुस्थानात' निघाला होता. त्या काळच्या कोकणस्थ माणसाच्या तोंडी हिंदुस्थान म्हणजे नर्मदेपलीकडचा मुलूख. भाषा निराळी, अन्न निराळे, राज्येही निराळी. परदेशच तो!

जाण्याचे कारण साधे होते. घरावर कर्ज होते. वैदिक ब्राह्मणाचा धंदाही एका अर्थी हंगामीच. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास दक्षिणा वाटली जाई, तेव्हा दूरदूरचे ब्राह्मण तेथे जमत आणि त्यावर कित्येकांचा संसार चाले. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने ही दक्षिणा काही काळ चालविली. पण हळूहळू तिचा ओघ ग्रंथकारांना व विद्यार्थ्यांना उत्तेजन देण्याकडे वळला. भिक्षुकाला मोठा यजमान शोधणे भाग पडले. अशात बातमी आली की, दौलतराव शिंद्यांच्या विधवा पत्नी बायजाबाई मथुरेस मोठा यज्ञ करणार असून त्यात लाखो रुपये खर्च होणार आहेत. ऋणकऱ्याच्या कानी अशी बातमी पडल्यावर तो घरी कसा बसेल?

आगगाडी नुकतीच, 1856 साली, खोपोलीपर्यंत आली होती. घाट चढून पुढे जायला ती त्यांच्या उपयोगाची नव्हती. पायी, गाडीने, जसे जमेल तसे ही काका-पुतण्याची जोडी सातपुडा ओलांडून महूच्या बाजूस पोहोचली, तो शिपायांच्या बंडाला तोंड लागले. मथुरेचा बेत बाजूला पडला. शहाण्याने परत फिरावे असा प्रसंग. पण रिकाम्या हातांनी सावकारापुढे उभे राहण्यापेक्षा पुढे जाणेच त्यांना बरे वाटले असावे. उज्जैन, धार, ग्वाल्हेर असे करीत ते झाशीस आले.

मार्च 1858 मध्ये, इकडे लखनौ इंग्रजांच्या हाती परत पडत असतानाच, सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा दिला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहर पडले आणि कत्तल सुरू झाली. विष्णुभट आणि रामभट लपून वाचले; पण देशोदेशी मंत्र म्हणून जमविलेली मिळकत लुटीत गेली. या प्रकरणाच्या लेखनात सेनापतींचे डावपेच फारसे नाहीत. पाणी कोठे मिळाले, धान्य किती उरले, कोणत्या कोपऱ्यात दडलो, प्रेते कशी पडली होती, हे मात्र आहे. हा माणूस लढावयास गेला नव्हता, म्हणूनच त्याची साक्ष मला मोलाची वाटते. कोणत्याही पक्षाकडून त्याला बक्षीस मिळावयाचे नव्हते. कैफियती वाचण्यात ज्याची नोकरी जाते, त्याला अशा साक्षीदाराची किंमत अधिक कळते.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्याला झाशीची राणी भेटली. पुरुषी वेष, अंगावर धूळ, तहानेने व्याकूळ. विष्णुभट पाणी काढून देऊ लागला, तेव्हा विद्वान ब्राह्मणाकडून ती सेवा घेण्यास तिने नकार दिला आणि आपण स्वतः पाणी शेंदून प्याली. इतिहासाच्या पुस्तकातली राणी घोड्यावर असते. ही विहिरीच्या काठाशी उभी आहे.

हंगामापुरता निघालेला माणूस वर्षे उलटल्यावर वरसईस परतला. पैशाच्या दृष्टीने हा प्रवास आतबट्ट्याचाच झाला. परंतु वाटेत वारंवार लुटले जाऊनही गंगेच्या पाण्याची कावड त्याने घरापर्यंत आणली व आईबापांना त्या पाण्याने स्नान घातले. लुटारूंना त्या पाण्याचा उपयोग नव्हता, हेही खरेच.

ही हकीकत त्याने बऱ्याच वर्षांनी लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती 1907 साली 'माझा प्रवास' या नावाने छापली. पण तिच्या भाषेत फेरफार केले, काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढली, तेव्हा कोठे विष्णुभटाची स्वतःची बोली वाचकांच्या कानी पडली.

लखनौच्या चौक मोहल्ल्यात राहणारे हिंदी कादंबरीकार अमृतलाल नागर यांनी हेच पुस्तक 'आँखों देखा गदर' या नावाने हिंदीत आणले. मुंबईच्या चित्रसृष्टीत काही वर्षे काढलेल्या नागरांना मराठी परकी नव्हती. पुढे बंडाच्या शताब्दीस, 1957 साली, त्यांचे 'गदर के फूल' प्रसिद्ध झाले. त्यासाठी ते अवधच्या गावोगाव फिरले आणि आजोबा-पणजोबांकडून ऐकलेले ज्यांना आठवत होते अशा म्हाताऱ्यांना गाठून त्यांच्या तोंडच्या गोष्टी त्यांनी टिपून घेतल्या. त्या म्हाताऱ्यांच्या पूर्वजांपैकी लिहिणारे थोडे. कोकणातून दक्षिणेच्या आशेने आलेला भिक्षुक मात्र लिहून गेला होता.