विलायतेपलीकडचा देश

मराठी माणसाच्या बोलण्यात 'विलायत' म्हणजे इंग्लंड, हा अर्थ इतका रूढ होता की बॅरिस्टर होण्यासाठी वा सनदी नोकरीच्या परीक्षेसाठी जो बोटीवर चढे, त्याला त्या देशाचा काही एक परिचय, मग तो प्रिय असो वा नसो, शाळेतील क्रमिक पुस्तके, कलेक्टरची कचेरी आणि टपालाच्या तिकिटावरील राजाची मुद्रा यांच्या द्वारा घरबसल्याच झालेला असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यामुंबईहून जे मोजके विद्यार्थी जर्मनीस गेले, त्यांची गोष्ट निराळी आहे. ज्या देशाची भाषा अवगत नाही, ज्याच्या सरकारशी आपले राजा-प्रजेचे नाते नाही, असा युरोप त्यांनी प्रथम पाहिला. आणि आमच्या विद्येच्या इतिहासात ह्या प्रथमदर्शनाला, मला वाटते, अद्याप योग्य ते स्थान मिळालेले नाही.

ही वाट मुळात उलट दिशेने पडली होती. मार्टिन हाउग आणि त्यांच्यानंतर फ्रान्ट्स कीलहॉर्न हे जर्मन पंडित सरकारी नोकरीत पुण्यास आले. कीलहॉर्न 1866 पासून 1881 पर्यंत डेक्कन कॉलेजात राहिले, अनंतशास्त्री पेंढारकरांसारख्या गुरूपाशी व्याकरणाचे पाठ घेत राहिले, आणि पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती मुंबईतच छापली गेली. पुढे ते ग्योटिंगेनला अध्यापक झाले. त्याच विद्यापीठाने 1885 साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्मानाची डॉक्टर पदवी दिली, आणि पुढच्याच वर्षी भांडारकर व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेस स्वतः उपस्थित राहिले. तेव्हा जर्मन विद्वत्तेची कीर्ती पुण्याच्या पाठशाळांपर्यंत पोहोचली होती. पोहोचली नव्हती ती जर्मन भाषा.

त्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी पांडुरंग दामोदर गुणे लाइप्झिकला गेले; ते शहर तौलनिक भाषाशास्त्राचे जणू काशीक्षेत्र होते. भाषाशास्त्रज्ञ ब्रुगमान यांचे अध्यापन तेथेच चाले. परंतु ऋग्वेदाची ऋचा जाणणाऱ्या पंडितालाही तेथे पाव कसा मागावा हे प्रथम शिकावे लागे. इंग्रजीमुळे रोमन अक्षरे डोळ्यांस सरावलेली असत, पण वर्तमानपत्रे आणि बहुतेक ग्रंथ ज्या कोनदार काळ्या गॉथिक वळणात छापलेले असत, त्यात एस आणि एफ यांतला भेद उमगण्यासच काही दिवस जात. ह्या परकेपणात एक मोठा दिलासाही होता, आणि तो इंग्रजाला मिळण्याजोगा नव्हता. जर्मन नामांना तीन लिंगे आहेत, हे ऐकून इंग्रज विद्यार्थी हताश होई. 'तो दगड, ती माती, ते झाड' असे म्हणत वाढलेल्या मराठी मुलाला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. नवल वाटे ते सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी आहे याचे. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाई, तेव्हा वाक्य मराठीच्याच उंबरठ्यावर येऊन थांबल्यासारखे वाटे. आणि क्रियापदापासून सुटून वाक्याच्या टोकाशी जाऊन बसणारा उपसर्ग पाहिला की वैदिक संस्कृतात धातूपासून दूर पडणाऱ्या उपसर्गांचे स्मरण होई. 'मी जाणतो' ह्या अर्थाचे जर्मन 'वाइस' आणि आपले 'वेद' ही एकाच मुळाची रूपे आहेत, हे पुस्तकात वाचणे वेगळे, आणि तो शब्द दूधवाल्याच्या तोंडून ऐकणे वेगळे. गुणे यांचा प्रबंध संस्कृतातील 'गत्वा', 'आगत्य' अशा अव्ययरूपांवरचा. तो जर्मन भाषेत लिहिलेला असून 1913 साली लाइप्झिकला छापला गेला.

व्यवहाराच्या गोष्टी फारशा अवघड नसत. खोली घेतली की पोलिस कचेरीत नाव नोंदवून दाखला घ्यावा लागे; घरमालकीण शिस्तीची असे; डिसेंबरात चार वाजण्याच्या सुमारास सूर्य मावळे; शाकाहारी मनुष्याला बटाटा, कोबी आणि पाव यांवर दिवस काढावे लागत. हे सर्व माणूस महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पाडतो.

अंगवळणी लवकर पडत नसे ते तेथील विद्यापीठ. आमच्याकडे हजेरीपट, नेमलेली पुस्तके आणि वर्षअखेरीची परीक्षा यांच्या चौकटीबाहेर विद्यार्थ्याचे अस्तित्वच नव्हते. तेथे हजेरी नाही, वार्षिक परीक्षा नाही, आणि एक सत्र एका विद्यापीठात तर दुसरे दुसऱ्यात काढण्यास कोणाची हरकत नाही. विद्यार्थ्याजवळ एक वही असे. ज्याची व्याख्याने ऐकावयाची त्याचे नाव तीत लिहून त्याचे हशील भरावयाचे. नेमलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी व्याख्यान सुरू होई, आणि संपताच टाळ्यांऐवजी सारा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकांवर ठकठक करी. खरे अध्ययन मात्र सेमिनारात, एका मेजाभोवती, एकेका पाठभेदावर तासन् तास झुंजत चाले. विष्णु सीताराम सुखठणकर केंब्रिजचे गणित आटोपून बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्यापाशी गेले, ते ह्या मेजाशी. ल्यूडर्स यांनीच 1908 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एक नमुना छापला होता. युरोपातील अकादमींच्या हातून ते कार्य तडीस गेले नाही. 1925 साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात त्याची सूत्रे सुखठणकरांकडे आली, आणि आदिपर्व 1933 साली पूर्ण झाले. बर्लिनच्या त्या मेजावर शिकलेली पाठचिकित्सा पुण्याच्या हस्तलिखितांवर अशी फळाला आली.

इरावती कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या, तेव्हा घरातूनच, खुद्द श्वशुर महर्षी कर्वे यांच्याकडून, विरोध होता. पैशाची तजवीज जीवराज मेहतांच्या कर्जाने झाली. त्यांना भेटलेली जर्मनी संस्कृतज्ञांची नव्हे. डालेम ह्या उपनगरात नुकत्याच स्थापन झालेल्या मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर यांनी मानवी कवटीतील विषमता हा विषय त्यांना दिला, आणि वंशानुसार त्या विषमतेत भेद सापडेल अशी फिशर यांची धारणा होती. मराठी घरातील तेवीस वर्षांच्या ह्या विद्यार्थिनीने कवट्या एकेक हातात घेऊन मोजल्या, आणि विषमता सर्वच मानवांत आहे, तिचा वंशाशी संबंध नाही, असे आपल्याच मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध लिहून दिले. परक्या देशात, शिकलेल्या परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हाती त्याच्यासमोर असे लिहिणे यास केवढे धैर्य लागले असेल, याचा विचार करताना माझे मन आजही भरून येते.

रामचंद्र नारायण दांडेकर हायडेलबर्गला पोहोचले तेव्हा हिटलरची राजवट दृढ झाली होती. त्यांचे अध्यापक हाइनरिश झिमर. झिमर यांची पत्नी अंशतः ज्यू कुळातील म्हणून 1938 साली, म्हणजे दांडेकरांना ज्या वर्षी डॉक्टर पदवी मिळाली त्याच वर्षी, त्यांचा शिकवण्याचा परवाना काढून घेण्यात आला. शिष्य मायदेशी परतला आणि गुरूला देश सोडावा लागला. 1943 च्या जानेवारीत सुखठणकर पुण्यात वारले, मार्चमध्ये झिमर अमेरिकेत आणि मे महिन्यात ल्यूडर्स जर्मनीत. त्या वेळी भांडारकर संस्थेचे चिटणीसपद दांडेकरांकडे होते. युद्ध संपल्यावर 1946 साली त्यांच्या वैदिक ग्रंथसूचीचा पहिला खंड निघाला, आणि त्याच्या पानापानांवर जर्मन ग्रंथांची व नियतकालिकांची नावे होती.